ङ म्हणजे मी

पहाटेचे साडेपाच. अजून उजाडलेलं नाही, पण खिडकीबाहेर पावलं वाजू लागली आहेत. गोम्पाभोवतीची रोजची प्रदक्षिणा सुरू झाली आहे. मी शाल गुंडाळून बाहेर येते, तर मोमो-ला फाटकापाशी उभीच आहे.

'मोमो' म्हणजे आजी आणि 'ला' म्हणजे आपला 'जी'. खायच्या मोमोचा उच्चार थोडा वेगळा असतो. माझ्या कानाला मात्र दोन्ही अजून सारखेच लागतात.

मोमो-लाच्या अंगात गडद तपकिरी छुबा, पुढे आडव्या पट्ट्यांचा पांगदेन, पायांत बाजारातले साधे कापडी बूट. डाव्या हातात जपमाळ, उजव्या हातात मणिचक्र. ते ती नुसत्या मनगटाने फिरवते, हात जवळजवळ हलतच नाही. गोम्पा उजव्या हाताला ठेवून आम्ही चालतो. आपल्याकडे देवळाला घालतात तशीच ही प्रदक्षिणा, दिशाही तीच. तिसऱ्या फेरीला ऐनाच्या आणि मोहाच्या शेंड्यांमागे तांबडं फुटतं आणि वर बांधलेल्या पताकांचे रंग एकेक करून दिसू लागतात. आधी पांढरा, मग पिवळा. निळा सगळ्यात शेवटी.

"गेन-ला, आज गुडघा कसा आहे?" ती हिंदीत विचारते.

गेन-ला म्हणजे शिक्षक. वस्तीत मला सगळे असंच हाक मारतात. साताऱ्याला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा मी 'बाई' होते. गोठणगावात रस्त्याने जाणारे मला 'मॅडम जी' म्हणतात. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत बहुतेक वाक्यांना हे 'जी' लागलेलं असतं आणि वस्तीत बहुतेक नावांना 'ला'. दोन्ही कानाला गोड लागतात.

ही वस्ती गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गोठणगावला लागून आहे. जवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, दुसरीकडे नवेगावबांधचं जंगल. आसपासचे लोक हिला 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. तिचं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण देशभरातले तिबेटी अजूनही या वस्तीला 'भंडारा'च म्हणतात.

मी इथे आले ती एका स्वेटरमुळे. साताऱ्यात दर हिवाळ्यात तिबेट्यांची दुकानं लागतात. वर्षानुवर्षं मी एकाच बाईकडून स्वेटर घेत होते. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर गेले, तर ती एक इंग्रजी अर्ज पुढे ठेवून बसली होती. भरून दिला. पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मी धरमशाला ऐकायच्या तयारीत होते. ती म्हणाली, "जिल्हा गोंदिया." इतकी वर्षं मी तिच्याशी भावाची घासाघीस करत होते आणि ती माझ्याच राज्यातली होती, हे मला माहीत नव्हतं. मुलांना इंग्रजी शिकवायला कुणी येईल का, असं तिने सहज विचारलं. मी येते म्हटलं.

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याला धरली की ती थेट गोंदियालाच नेऊन सोडते. पूर्ण धाव तेराशे किलोमीटरहून जास्त आणि गाडी एकदाही राज्याबाहेर जात नाही. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीने अर्जुनी, तिथून काळीपिवळीने गोठणगाव. पोचले तेव्हा सप्टेंबर संपत होता. सगळीकडे गुडघाभर धान आणि हवेत चिकट ओलावा. साताऱ्याची कोरडी हवा, ज्वारीची भाकरी, संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावरून येणारा वारा, सगळंच मागे राहिलं. बहीण फोनवर विचारते, "परदेशात जेवायला काय मिळतं गं?" मी सांगते, भात, थुक्पा, आणि टिंगमो नावाचा वाफेवरचा पाव.

आणि चहा.

प्रदक्षिणा झाली की मोमो-लाच्या स्वयंपाकघरात तो होतो. चहाची काळी पूड बराच वेळ उकळलेली असते. ती गाळून मोमो-ला मिक्सरच्या भांड्यात ओतते, त्यात दूध, चिमूटभराहून जास्त मीठ आणि लोण्याचा लिंबाएवढा गोळा. पूर्वी हे उभ्या लाकडी नळकांड्यात घुसळत. ते नळकांडं भिंतीला टेकवून ठेवलंय, त्याच्या पितळी पट्ट्या अजून चकचकीत आहेत. मिक्सर घरघरतो, झाकण उघडताच वर दाट फेस. पहिल्या दिवशी मी साखरेच्या ओढीने घोट घेतला आणि तो घशाखाली उतरेना. चौथ्या दिवशी आठवलं, लहानपणी तापात आई मीठ-तूप घालून भाताची पेज द्यायची. त्या दिवसापासून मी तो पेजेच्या आठवणीने पिते. आता एक दिवस चुकला तरी चुकल्यासारखं होतं. कप मात्र रिकामा करायचा नाही. दोन घोट घेतले की मोमो-ला भरते, पुन्हा दोन घोट, पुन्हा भरते. उठायच्या वेळी शेवटचा घोट संपवायचा, म्हणजे पाहुण्याचं मन भरलं असं समजतात.

चहात ती जवाचं भाजलेलं पीठ कालवते आणि बोटांनी वळून गोळा माझ्या हातावर ठेवते. याला हिंदीत लोक 'त्सांपा' लिहितात. मला तशी अडचण नाही. मी वहीत सरळ 'चाम्पा' लिहिते, चमच्यातला च. हिंदीला हा च नाही, मराठीला आहे, तिबेटीला आहे.

ही वही म्हणजे माझी दुसरी शाळा. सकाळी साडेसातला नऊ वर्षांचा तेन्झिन येतो आणि मला तिबेटी अक्षरं शिकवतो. संध्याकाळी मी त्याला इंग्रजी शिकवते, असा आमचा ठराव आहे. वर्गात एकूण पाच तेन्झिन आहेत. दलाई लामांचं स्वतःचं नाव तेन्झिन ग्यात्सो. त्यांच्याकडून बाळाचं नाव मागून घेतलं की पहिला शब्द बहुधा तेन्झिन असतो. म्हणून हा 'छोटा तेन्झिन'.

तो लाकडी पाटीवर बोट ठेवून म्हणतो, "क, ख, ग, ङ."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. आपलीच वर्णमाला, फक्त ट-ची ओळ नाही आणि बाकीच्या ओळींतलं चौथं अक्षर नाही. घ नाही, झ नाही, ध नाही, भ नाही. एकूण तीस अक्षरं. तिबेटी परंपरा सांगते की सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाचा मंत्री भारतात येऊन शिकला आणि इथल्या लिप्यांवरून त्याने तिबेटी लिपी घडवली. तिबेटातून माणूस अक्षरं शिकायला इकडे आला, याला तेराशे वर्षं झाली.

"गेन-ला, ङ पुन्हा म्हणा," छोटा तेन्झिन म्हणतो.

माझा ङ त्याला पटत नाही. पटणार कसा? आपल्या अंकलिपीत कमळाचा क, खटाऱ्याचा ख, गडूचा ग, घराचा घ, आणि ङ पुढे चित्र नसतं. त्या अक्षराने मराठीत शब्दच सुरू होत नाही. मुलं ते गुणगुणतात आणि पुढच्या ओळीवर उडी मारतात. मीही पन्नास वर्षं तेच केलं. छोटा तेन्झिन छातीवर हात ठेवतो.

"ङ," तो म्हणतो. "ङ म्हणजे मी."

त्याच्या भाषेत एवढ्या एका अक्षराचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'मी'. आम्ही दोघं समोरासमोर बसून आपापल्या छातीवर हात ठेवून ङ, ङ म्हणत राहतो. आठव्या-नवव्या वेळी तो मान हलवतो. आज जमलं.

दुपारी मी छोट्या तेन्झिनच्या आईबरोबर बांधीवर जाते. बांधी म्हणजे धानाचं शेत, हा शब्द मला तिनेच शिकवला. दिवाळी होऊन गेली आहे. हलका धान कापून झालाय, भारी धान अजून उभा आहे. कापलेल्या पेंढ्या बांधीत ओळीने आडव्या पसरल्या आहेत, त्यांना 'कडपा' म्हणतात. त्या वाळल्या की बांधून पुंजणे रचायचे, मग मळणी. गोठणगावच्या चार बाया कापणीला आल्या आहेत. त्यातली एक कमरेत वाकलेलीच आभाळाकडे बघून म्हणते, "धान चांगला हाय जी, बस आता पानी नोको याले." कडपा जमिनीवर असताना पाऊस आला तर वर्षाची मेहनत चिखलात जाते, दाण्याला कोंब फुटतात.

त्या आपसात भराभर बोलू लागतात. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. डोळ्याचा 'डोरा' होतो. निम्म्या वाक्यांवर माझा हात सुटतो. छोट्या तेन्झिनची आई विळा थांबवून मला मराठीतून समजावून सांगते. शेजारच्या गावात लग्न आहे, मंडईच्या जत्रेला नाटक ठरलंय, उद्या कुणाला यायला जमणार नाही. मग वळून त्या बायांशी त्यांच्याच बोलीत हसते. तिचा जन्म १९८५ चा, याच वस्तीतला. ती लहानपणापासून या बांधीत या बायांबरोबर वाढली आहे. मराठी माझी मातृभाषा, आणि मराठी मुलखात मला मराठीचा दुभाषा लागतोय, तोही तिबेटी. मला याचं वाईट वाटत नाही. मी तिला अजून शब्द विचारते आणि धुऱ्यावर बसून लिहून घेते.

मोमो-लाला विचारलं होतं, तुम्हाला इथलं सगळं अंगवळणी पडायला किती दिवस लागले? तिने दिवस सांगितले नाहीत. उन्हाळा सांगितला. बर्फाच्या मुलखातली माणसं, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो अशा ठिकाणी, आधी तंबूत. अंगातला लोकरी छुबा पहिल्या उन्हाळ्यात पेटीत गेला. रात्री आई तिच्या अंगावर ओलं फडकं टाकायची आणि ते पहाटेपर्यंत वाळून जायचं. "मग एक वर्ष भात स्वतः लावला," ती म्हणाली, "कापला, शिजवला. तेव्हापासून झोप लागायला लागली."

साडेपाचला वर्ग. वस्तीच्या सभागृहात सतरंजी, फळा, एक ट्यूबलाइट. आज सतरा जण आहेत, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा, सगळ्यात मोठी चाळिशीची. मोमो-ला मागे खुर्चीवर बसते. शिकायला येत नाही, पण एक दिवस चुकवत नाही.

यांच्या चुका मला पाठ आहेत. 'आय स्वेटर सेल.' साताऱ्यातली माझी पोरं लिहायची, 'आय बुक रीड.' तिबेटीतही क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर एका बाजूला मराठी वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडून तिबेटी लिहून घेतलं; कर्ता, कर्म, क्रियापद एकमेकांसमोर बसले. इंग्रजी तेवढी वेगळी चालते, हे त्यांना तिथेच कळलं. एकतीस वर्षांत व्याकरणाचा एवढा सोपा तास मी घेतला नव्हता.

आज अर्ज भरायचा सराव आहे. त्यांनीच मागितलाय. या माणसांचं आयुष्य कागदावर चालतं. नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'आरसी' म्हणतात, त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं ओळखपुस्तक. हे सगळे कागद इंग्रजीत. आपल्याकडे इंग्रजी नोकरीसाठी शिकतात. इथे ती आधी आपण कोण हे सांगता यावं म्हणून लागते, आणि म्हणून मला हा तास कवितेच्या तासापेक्षा मोठा वाटतो.

फळ्यावर मी चार ओळी लिहिते. नेम. सरनेम. प्लेस ऑफ बर्थ. नॅशनॅलिटी.

दुसऱ्याच ओळीवर गाडी अडते. तिबेट्यांमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. दोन शब्द असतात, दोन्ही माणसाचे स्वतःचे. भावाबहिणींचेही जुळत नाहीत. आपल्याकडे खिडकीवरचा कारकून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन मागतो. मग कुणी दुसरा शब्द आडनाव म्हणून लिहितो, कुणी दोन्ही नावात घालून पुढे रेघ मारतो, आणि एका माणसाची तीन कागदांवर तीन नावं होतात. आम्ही ठरवतो, जे पहिल्या कागदावर आहे तेच सगळीकडे. मी हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि सगळ्यांकडून दहा-दहा वेळा लिहून घेते.

मग चौथी ओळ. एकोणीस वर्षांची एक मुलगी, जिला बेंगळुरूला नर्सिंगला जायचंय, पेन खाली ठेवते.

"गेन-ला, इथे काय लिहू?"

मी खडू हातात धरून उभी आहे. भारतीय कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानेच नागरिक. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हेच मान्य केलं. म्हणजे छोट्या तेन्झिनची आई, १९८५ ची, कायद्याने भारतीय. तिच्याजवळ आजवर आरसीच आहे. १९८७ नंतरच्यांना नुसता इथला जन्म पुरत नाही, नियम जन्मसालाप्रमाणे बदलत जातो. आणि हक्क असूनही कित्येकजण तो घेत नाहीत. कारण 'निर्वासित' हा शब्द टाकला तर परत जायचं आहे हेही टाकल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. हे सगळं मी त्या मुलीला सांगते, जमेल तितकं सोप्या इंग्रजीत, मग हिंदीत. ती 'तिबेटन' लिहिते. थोडं थांबते. पुढे 'रेफ्युजी' लिहिते. तिचं स्पेलिंग बरोबर आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवते, त्याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

शाळेच्या जुन्या अर्जांत आणखी एक रकाना असायचा म्हणून मी पाचवी ओळ घालते. नेटिव्ह प्लेस. मूळ गाव.

वर्ग गप्प होतो. मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. घालायला नको होती ही ओळ, असं मला वाटायला लागतं. तेवढ्यात छोटा तेन्झिन वही वर करतो. त्याने केव्हाच लिहून टाकलंय. गोठणगाव. इंग्रजीत, दहाच्या दहा अक्षरं आणि मधला एच बरोबर जागी.

मोमो-ला मागून विचारते, काय लिहिलं त्याने? कुणीतरी सांगतं. मणिचक्र फिरायचं थांबतं.

"बरोबर आहे," ती म्हणते. "धान इथलाच खातो."

रात्री नऊ वाजता फाटकापाशी बस लागली आहे. आता स्वेटरचा हंगाम. तीन महिने वस्तीतली धडधाकट माणसं शहरोशहरी जातात. माल बहुतेक लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून येतो, बराचसा उधारीवर, नुसत्या शब्दावर. हंगाम संपला की पैसे चुकते करायचे. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. धानाची राहिलेली मळणी गोठणगावच्या बाया करतील. बसच्या टपावर ताडपत्र्या, लोखंडी पाइप, गॅसची शेगडी, वळकट्या चढतात. छोट्या तेन्झिनची आई साताऱ्याच्या त्या बाईबरोबर यंदा माझ्या गावी चालली आहे. मी तिला बहिणीचा पत्ता दिलाय, आणि भाकरी मागून खा म्हणून सांगितलंय.

मोमो-ला प्रत्येकाच्या गळ्यात खता नावाचं पांढरं वस्त्र घालते आणि म्हणते, "काले फे." सावकाश जा. बसमधले उलट म्हणतात, "काले शू." सावकाश बसा, सांभाळून राहा. जाणाऱ्याला वेगळा निरोप आणि राहणाऱ्याला वेगळा. छोटा तेन्झिन आईला कवटाळत नाही. खिडकीखाली उभा राहून तो एकदा तिबेटीत ओरडतो, एकदा इंग्रजीत 'बाय' म्हणतो. आई खिडकीतून हात काढते आणि त्याला मराठीत म्हणते, "येते रे."

बस वळते. लाल दिवा धानाच्या बांध्यांपलीकडे थोडा वेळ दिसतो.

सतरापैकी सहा जण त्या बसमध्ये आहेत. राहिलेल्या अकरा जणांचा वर्ग उद्या साडेपाचलाच आहे. यंदा तुमच्या गावात तिबेट्यांची दुकानं लागली, तर स्वेटरचा भाव विचारायच्या आधी त्यांचं गाव विचारा. मराठीत विचारा.